वाशांवर ओएसबी बोर्ड: स्वतः छप्पर बांधणाऱ्याचा अभिप्राय

उतरत्या छपराच्या वाशांवर शिंगल्स (छपराचे वरचे आच्छादन होणारे पातळ, चपटे तुकडे) बसवण्यापूर्वी जे सलग लाकडी अस्तर ठोकावे लागते, त्यासाठी मी स्वतः बांधलेल्या घरावर ११ मिलिमीटर जाडीचे ओएसबी (ओरिएंटेड स्ट्रँड बोर्ड) बोर्ड वापरले. दोन्ही पाखी याच बोर्डांनी झाकल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ताकद आणि सपाटपणा या बाबतीत हा माल प्लायवूडच्या तोडीचा आहे. मात्र त्याच्या कडा प्लायवूडपेक्षा खूपच नाजूक आहेत आणि हा बोर्ड सोयीचा ठरेल की डोकेदुखी होईल, हे बहुतांशी त्या कडा कशा सांभाळल्या जातात यावर अवलंबून असते.

लाकडाच्या पातळ, लांबट चकत्या रेझिन आणि थोड्या मेणात घोळवून, उष्णता व दाबाखाली हा बोर्ड तयार होतो. बाहेरच्या थरांतील चकत्या प्रामुख्याने बोर्डाच्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे ताकदही त्याच दिशेने अधिक असते. बोर्डाची लांबी वाशांना आडवी ठेवायची आणि एक बोर्ड किमान तीन वाशांवर टेकवायचा, हा नियम यातूनच येतो. वाशांना समांतर लावलेला बोर्ड दिसायला नीटनेटका वाटेल, पण पायाखाली लवेल. स्वस्त प्लायवूडच्या आतल्या थरात कधी कधी पोकळी निघते. ओएसबीत ती भीती नाही, प्रत्येक बोर्ड जवळपास सारख्याच जाडीचा येतो.

खरेदी करताना रंगरूपापेक्षा शिक्का वाचावा. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या शिक्क्यावर २४/१६ असे आकडे असतील, तर पहिला आकडा छपरासाठी आणि दुसरा जमिनीसाठी, आधारांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे कमाल अंतर इंचांत सांगतो. युरोपीय पद्धतीत ओएसबी/३ ही खूण दमट परिस्थितीतील भार पेलणाऱ्या कामासाठी असते. ओएसबी/२ फक्त कोरड्या जागेसाठी असल्यामुळे थोडे पैसे वाचतात म्हणून तो छपरावर नेऊ नये. माझ्या बोर्डांवर १६ आणि २४ इंचांच्या अंतराने रेघा छापलेल्या होत्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण खालचा वासा दिसत नसताना खिळा नेमका कुठे मारायचा हे त्या रेघा सांगतात. एक बाजू मुद्दाम खरखरीत ठेवलेली असते, ती वर ठेवायची. गुळगुळीत बाजूवर भुसा पडला की पाय टिकत नाही, आणि कोणतीही बाजू वर असली तरी अंगावर सुरक्षापट्टा हवाच.

बसवण्याचे काम वळचणीकडून आढ्याकडे चढत जाते. पहिली ओळ वळचणीच्या फळीला धरून लावण्याचा मोह टाळावा, कारण ती फळी क्वचितच सरळ असते. सुताने रेघ मारून तिला धरून पहिली ओळ लावली, तर वरच्या सगळ्या ओळी आपोआप ताळ्यावर येतात. पुढच्या ओळीची सुरुवात अर्ध्या बोर्डाने करावी, म्हणजे सांधे एकाखाली एक येत नाहीत.

खरी कसोटी सांध्यांची. दोन बोर्डांमध्ये, टोकांना आणि कडांना, सुमारे ३ मिलिमीटर फट सोडावी लागते, कारण बोर्ड दमट हवेत फुगतो आणि फट नसेल तर एकमेकांना ढकलत वर उचलला जातो. हे उंचवटे पुढे शिंगल्समधून स्पष्ट दिसतात. मग प्रश्न असा पडतो की, प्रत्येक सांध्याला ३ मिलिमीटर सोडत गेल्यास चार-पाच बोर्डांनंतर टोक वाशाच्या मध्यावर कसे येणार? काही कारखाने ही अडचण ओळखून बोर्ड मुद्दामच त्या फटीइतका लहान कापतात आणि तसे शिक्क्यावर लिहितात. असा माल मिळत असेल, तर किंचित जास्त पैसे मोजूनही तोच घ्यावा. अन्यथा मधला एखादा बोर्ड छाटण्याची तयारी ठेवावी. वाशांच्या मधल्या भागात आडव्या कडांना आधार नसतो, तिथे एच-क्लिप (दोन्ही कडा धरणारी, एच आकाराची छोटी धातूची पट्टी) बसवल्याने दोन्ही बोर्ड एका पातळीत राहतात आणि आपोआप योग्य फटही सुटते. क्लिपची ही किरकोळ खरेदी टाळण्यासारखी नाही.

खिळे अडीच इंची, कडांपासून सुमारे १० मिलिमीटर आत, टोकांवर ६ इंचांनी आणि मधल्या वाशांवर १२ इंचांनी, ही सर्वसाधारण रचना. जिथे वारा जोरकस असतो तिथे स्थानिक नियम अंतर कमी करायला सांगतात. नेलगनचा दाब जास्त ठेवला, तर खिळ्याचे डोके बोर्डात घुसते आणि पकड कमी होते. डोके पृष्ठभागाशी सपाट राहील इतकाच दाब हवा.

आता तक्रार. पावसाच्या काही सरी हा बोर्ड सहन करतो. बांधकाम रेंगाळले तरी चालावे म्हणून त्याचे रेझिन जलरोधक असते. पण कापलेल्या कडेवर कारखान्यातले सीलचे लेपण नसते, ती पाणी ओढून घेते, फुगते आणि वाळल्यावरही पूर्वीच्या जाडीवर परत येत नाही. प्लायवूडसुद्धा फुगते, मात्र वाळल्यावर बरेचसे पूर्ववत होते. माझ्या छपरावर आढ्याजवळच्या कापीव कडा भिजल्यावर उठल्या आणि शिंगल्सच्या आधी त्या घासून सपाट कराव्या लागल्या. त्यामुळे एक पाखे पूर्ण होताच त्यावर अंडरले (शिंगल्सखाली अंथरायचा, पाणी अडवणारा थर) अंथरावा, दुसऱ्या पाख्याची वाट पाहू नये.

छपराखाली हवा खेळती नसेल, तर आतून येणारी वाफ बोर्डाच्या पोटाशी साचते, म्हणून आढ्यावर हवेसाठी फट आणि वळचणीत हवा येण्याची वाट, या दोन्ही आराखड्यातच धराव्यात. पाखी सोपी, काटकोनी आणि अंडरले हाताशी असेल, तर मी हाच बोर्ड पुन्हा घेईन. पाख्यांना खूप कोपरे, खोबण्या असतील किंवा काम सुट्टीच्या दिवशीच होणार असेल, तर प्लायवूड घेईन.