दिवे लुकलुकले म्हणजे कीबोर्ड चालला असं नाही

बाबांचा पीसी एक्सटी, म्हणजे ऐंशीच्या दशकातला जुना कॉम्प्युटर, सांगलीच्या घरी माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. १९८८ साली कर्ज काढून घेतलेला. स्लॅब-बीमचे हिशोब लवकर व्हावेत म्हणून त्यांनी पुढे त्यात ८०८७ ही गणिताची चिप वेगळी विकत घेऊन बसवली होती. यंदा गणपतीत मी तो खाली काढला. बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरेना, आणि कीबोर्डची वायर उंदरांनी कुरतडलेली.

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुंबईतला एक जण सापडला. बोलायला गोड, माहितीही बरी होती. मदरबोर्डच्या दुरुस्तीचे ६,००० आणि आजचा कीबोर्ड एक्सटीला चालवणाऱ्या 'कन्व्हर्टर'चे ३,५०० असे ठरले. तीन आठवड्यांनी त्याने व्हिडिओ पाठवला: पडद्यावर डॉसची अक्षरं, मग कॅमेरा कीबोर्डकडे, आणि तिन्ही दिवे एकदम लुकलुकले. मी त्याच संध्याकाळी सगळे पैसे पाठवले. त्या व्हिडिओत कुणी एकही अक्षर टाइप केलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

घरी आणल्यावर मशीन सुरू झालं, पण एकही कळ चालेना. फोन केला तर म्हणाला, "ताई, तुमचा कीबोर्डच खराब आहे. माझ्याकडचा पाठवतो, १,२०० द्या." तेही दिले. दुसऱ्या कीबोर्डनेही तेच केलं. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

माझा मामेभाऊ इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्याने त्या कन्व्हर्टरवर मल्टिमीटर लावला. एका टोकाला पाच पिनांचं जाड गोल डिन कनेक्टर, दुसऱ्या टोकाला पीएस-टूचं, म्हणजे नंतरच्या कीबोर्डचं, लहान, आणि मधे फक्त सरळ तारा. असं अडॅप्टर खोटं नसतं, पण ते एटी, म्हणजे एक्सटीनंतर आलेल्या मशीनसाठी असतं. एक्सटी आणि एटी, दोघांचं कनेक्टर दिसायला हुबेहूब सारखं, म्हणून ते बसतं. भाषा मात्र वेगळी. 'ए' दाबला की एक्सटीला १ई हा कोड हवा असतो, एटी किंवा पीएस-टू कीबोर्ड १सी पाठवतो. एटीच्या मदरबोर्डवर हे भाषांतर करणारी वेगळी चिप असते, एक्सटीत ती नसतेच. शिवाय एक्सटीचा कीबोर्ड फक्त पाठवतो, मशीन त्याला उलट काही सांगत नाही. म्हणून खऱ्या कन्व्हर्टरमध्ये मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम टाकता येणारी छोटी चिप, लागतोच. आणि ते दिवे? पाच व्होल्ट मिळाले की कीबोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि दिवे एकदा लावून विझवतो. मशीनशी त्याचा काही संबंध नाही.

तेव्हा पैसे देण्याआधी व्हिडिओ मागायचाच असेल तर तुम्ही त्या क्षणी सांगाल ते वाक्य टाइप करून दाखवायला सांगा, आणि कन्व्हर्टर उघडून आतली चिप दाखवायला सांगा. घरात जुना कीबोर्ड असेल तर आधी तो उलटा करून बघा. काहींच्या पोटाला एक्सटी-एटी असा छोटा खटका असतो, आणि तो असला तर कन्व्हर्टर लागतच नाही.

खरा धक्का त्यानंतर बसला. भावाने झाकण काढलं तेव्हा दुरुस्ती म्हणून फक्त एक टँटलम कपॅसिटर बदललेला दिसला. तो शॉर्ट झाला की पॉवर सप्लाय सुरूच होत नाही, एवढाच बिघाड होता. आणि ८०८८ या मुख्य प्रोसेसरच्या शेजारचा चाळीस पिनांचा सॉकेट रिकामा होता. ८०८७ गेली होती. मशीन देताना मी आतले फोटो काढले नव्हते, त्यामुळे ती आत होती हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. बोर्ड कुणाच्याही हाती देण्याआधी प्रत्येक चिपवरचे आकडे वाचता येतील असे फोटो काढा, आणि त्याच्याकडून पोच लिहून घ्या. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण बिल नसल्यामुळे अडतंय.

कीबोर्डचं काम भावाने एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर प्रोग्राम टाकून दोन रविवारांत केलं. बाबांनी स्वतः बसून 'डीआयआर', ही फायलींची यादी दाखवणारी डॉसची आज्ञा, टाइप केली. त्यांच्या ८०८७ वर एका कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका आहे, त्यांनीच मारलेला. अशी चिप कुठे विकायला आलेली दिसली तर कृपा करून मला कळवा.