वाळवंटी किनाऱ्यावर एकट्यानं: ओमान की नामिबिया?

वाळवंट थेट समुद्राला भिडतं अशा किनाऱ्यानं एकट्यानं गाडी चालवत जायचं आणि रात्री तिथंच तंबू ठोकायचा, असं ज्यांनी मनावर घेतलंय ते बहुतेक दोन नावांवर येऊन अडतात: ओमान आणि नामिबिया. माझं मत आधीच सांगतो. पहिल्यांदाच एकटे निघत असाल तर ओमान. नामिबियाचा किनारा त्याहून भव्य आहे, पण तो दुसऱ्या खेपेला.

फोटो बघून ठरवू नका, फोटोत दोन्ही सारखेच भुरळ घालतात. एकट्यानं जाताना खरे प्रश्न दोनच. रात्री मुक्काम कुठं करता येतो? आणि गाडी रुतली तर मदतीला कोण येतं?

ओमानमध्ये मोकळ्या किनाऱ्यावर तंबू टाकायला सहसा कुणाची हरकत नसते. घरांपासून लांब राहायचं, अंगभर कपडे घालायचे, कचरा गाडीतून परत आणायचा. अपवाद कासवांच्या किनाऱ्यांचा. रास अल जिन्झला हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. तिथं रात्री फक्त तिथल्या वाटाड्याबरोबर जाता येतं आणि तंबूला मनाई आहे, तशी ती असायलाच हवी. मस्कतहून सूरपर्यंतचे साधारण दोनशे किलोमीटर म्हणजे गुळगुळीत हमरस्ता, वाटेत फिन्सचा किनारा. तिथं सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. खरी मजा सूरच्या पुढं. अल अश्खरा, मग अल खलूफ, जिथं पांढऱ्या वाळूच्या टेकड्या पार लाटांपर्यंत उतरतात. शन्नाहून फेरी पकडली तर मसीरा बेट, नाहीतर सरळ दुक्म, रास मद्रका, आणि शेवटी शुवेमिया ते हासिक हा कड्यांमधून काढलेला रस्ता. तो मिरबातवरून सलालाला पोचवतो. मस्कत ते सलाला हाइमावरून आतल्या रस्त्यानं साधारण हजार किलोमीटर आहे. किनाऱ्यानं बरंच जास्त पडतं, आणि घाईनं केलं तर त्यात काही अर्थ नाही.

सकाळी तंबूची चेन उघडली की ओल्या वाळूवर हातभर अंतरानं छोटे छोटे शंकू उभे दिसतात. खेकड्यांचं काम. नर खेकडा बीळ खणतो, निघालेली वाळू उचलून एका बाजूला रचत जातो, आणि बिळापासून ढिगापर्यंत त्याच्या येण्याजाण्याची नीट पायवाट तयार होते. कोकणातल्या माणसाला खेकडे नवे नाहीत, समुद्रही तोच आहे, पण हे शंकू बघत चहा थंड होतो.

आता रुतण्याचं. मऊ वाळूत शिरण्याआधी टायरची हवा पंधरा ते अठरा पीएसआयपर्यंत उतरवायची आणि पंप जवळ ठेवायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. जास्त धोका सबख्यांचा. वरून कडक, पांढरट खारट पापुद्रा आणि खाली चिखल. बर्र अल हिकमानच्या बाजूला अशा जमिनी मैलोन् मैल पसरल्यात. तिथं दुसऱ्या गाडीच्या ताज्या चाकोऱ्या दिसत नसतील तर एकट्यानं उतरू नका. मात्र रुतलात तरी ओमानच्या किनाऱ्यावर कोळ्यांचे पिकअप सकाळ-संध्याकाळ फिरत असतात, आणि गाडी ओढून काढणं त्यांच्या हातचा मळ आहे. गावातल्या दुकानात मल्याळी किंवा बांगलादेशी माणूस हमखास भेटतो, हिंदीत सगळं सांगता येतं, कडक चहा आणि पराठा मिळतो. एकट्या माणसाला याचा केवढा आधार वाटतो, ते तिथं कळतं.

जायचं नोव्हेंबर ते मार्च. मे-जून आणि ऑक्टोबर हे वादळांचे महिने. 2007 चं गोनू आणि 2018 चं मेकुनू तिथले लोक विसरलेले नाहीत. जून ते सप्टेंबर सलाला हिरवंगार होतं, पण तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि तिथं गर्दीही उसळते. आणि कोणत्याही महिन्यात वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, पात्रात झोपायचं नाही. डोंगरात पाऊस पडतो तो तुम्हाला दिसतही नाही, आणि लोंढा येतो.

नामिबियात गाडी डावीकडून चालते, आपल्यासारखीच, ओमानमध्ये उजवीकडून. थकलेल्या, एकट्या चालकासाठी हा फायदा लहान नाही. राजधानी विंडहुकहून छतावर तंबू बसवलेली फोर बाय फोर भाड्यानं मिळते, त्यामुळे सामान ओढत न्यायला नको. पण मुंबई-मस्कत हा तीन तासांच्या आतबाहेरचा थेट प्रवास, आणि विंडहुकला विमान बदलूनच जावं लागतं. खर्चाचं पारडं तिथंच फिरतं.

स्वाकोपमुंडहून उत्तरेला निघालं की एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला नामिब. बेंग्वेला हा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, म्हणून पाऊस नाही आणि धुकं मात्र दाट. हेंटीस बेच्या पुढचा रस्ता मिठाचा, दाबून घट्ट केलेला; कोरडा असताना डांबरासारखा पळू देतो, धुक्यानं ओला झाला की पहिल्या पावसातल्या घाटासारखा निसरडा. हेंटीस बेच्या अलीकडे झेला नावाचं मासेमारी जहाज 2008 पासून वाळूत रुतलंय. भंगारात विकून मुंबईकडे ओढून नेत होते, दोर सुटला. आता त्यावर पाणकावळ्यांची वस्ती. पुढं केप क्रॉसला सीलची प्रचंड वसाहत आहे, तिचा वास बराच आधी येतो.

इथं मनाला येईल तिथं तंबू मात्र टाकता येत नाही. मैल 72, मैल 108 अशा गळ टाकणाऱ्यांसाठी नेमलेल्या जागा आहेत, सोयी जेमतेम. उगाब फाटकाच्या पुढं स्केलेटन कोस्ट राष्ट्रीय उद्यान लागतं. परवाना घेऊन त्याच दिवशी स्प्रिंगबोकवासरच्या फाटकातून बाहेर पडायचं, किंवा टेरेस बेला आधी आरक्षण करून राहायचं. टोरा बेचा तळ फक्त डिसेंबर-जानेवारीत उघडा असतो. रस्ता सोडून गाडी घालायची नाही: त्या खडकाळ मैदानावर दगडफुलं वाढतात आणि चाकाचा एक ओरखडा कित्येक दशकं टिकतो. हा नियम मला अतिशय पटतो, पण त्याचा अर्थ असा की मुक्कामाचं वेळापत्रक घरूनच आखून निघावं लागतं.

आणि मदत? उद्यानात तासन् तास दुसरी गाडी दिसत नाही. खडीच्या रस्त्यावर वेग वाढला की गाडी उलटते, परदेशी पाहुण्यांचे अपघात प्रामुख्यानं असेच होतात. ताशी 80 च्या वर जाऊ नका, दोन स्टेपन्या घ्या, माणशी पाच-सहा लिटर पाणी रोजचं धरा. हे सगळं ज्याला आधीपासून अंगवळणी आहे त्यानं खुशाल जावं. तिथली शांतता ओमानमध्ये मिळणार नाही.

नामिबिया ठरलंच तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र लागेल. ते भारतातून नेऊ नका. आपल्याकडे विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर पकडतात. विंडहुकला गाडीबरोबरच ते भाड्यानं मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.