डबल कार्बाइड रनर: एका सीझननंतरचा रिव्ह्यू (आणि मी केलेला गाढवपणा)

आधी निकाल सांगून टाकतो, घाईत असाल तर पुढचं वाचायला नको. स्नोमोबिलच्या (बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या) स्कीखाली लावायचे हे दुहेरी धारेचे कार्बाइड रनर मस्त आहेत, पैसे वसूल. पण स्टिअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर ते लावून काहीही होत नाही, आणि मी नेमकं तेच करून बसलो.

मी मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, होटनला राहतो. पुण्याहून शिकायला आलो आणि राहिलो. मोहॉक गावाच्या पुढे रस्त्याकडेला हिवाळाभरात पडलेल्या बर्फाची उंची दाखवणारा थर्मामीटरसारखा खांब उभा केलाय, 1978-79 च्या हिवाळ्यातल्या 390.4 इंचांचा, तर अशा भागात स्नोमोबिल घेणं म्हणजे काही फार मोठी चैन नाही असं मी बायकोला पटवलं आणि 2012 ची सेकंडहँड स्लेड (इथे स्नोमोबिलला असंच म्हणतात) आणली, साडेसहा हजार मैल पळालेली. इंजिन खणखणीत.

पहिल्याच रविवारी बिल निकोल्स ट्रेलवर नेली. हा ट्रेल म्हणजे जुनी रेल्वेलाइन, रूळ काढून केलेला. बराचसा सरळसोट, सगळे एकाच रेषेत चालवतात, दुपारपर्यंत बर्फात खोल चऱ्या पडतात. त्या चऱ्यांत माझ्या स्की स्वतःच्या मनाने डावीउजवीकडे पळायला लागल्या. डांबर टाकायच्या आधी रस्ता खरवडून ठेवतात ना, त्यावर ॲक्टिव्हा कशी वळवळते, अगदी तसं, फक्त इथे ताशी 40 मैलाला. फायरस्टील नदीवरच्या उंच पुलांपर्यंत जायचं होतं, अलीकडूनच मागे फिरलो.

याला इथे डार्टिंग म्हणतात. ज्याला विचारावं तो म्हणतो रनर बदल. रनर म्हणजे स्कीच्या खालची लोखंडी पट्टी, तिच्या पोटात टंगस्टन कार्बाइडचे तुकडे बसवलेले असतात (लेथच्या टूलला असतं तेच), ते बर्फात रुततात म्हणून वळता येतं. साध्याला एक धार असते आणि ती बरोब्बर दुसऱ्याने पाडलेल्या चरीत जाऊन बसते. डबलला शेजारी शेजारी दोन, त्यामुळे चर पकडत नाही. सव्वाशे डॉलर घातले, लावले, आणि वीतभर पळायच्या त्या स्की आता चार बोटं पळायला लागल्या. बस एवढंच. एका दुकानात दाखवली तर हात न लावताच म्हणाले नव्या स्की घ्या.

मग चिडून गॅरेजमध्ये पुढचा भाग स्टँडवर उचलला, बायकोला म्हटलं हँडल घट्ट धर, आणि मी स्कीचं टोक धरून हलवलं तर हँडल जागच्या जागी आणि स्की इंचभर हलतेय! टाय रॉडच्या (हँडलचं वळण स्कीपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या बॉल जॉइंटवर बोट ठेवलं तर आत टक् टक् जाणवत होतं. स्कीचा बोल्ट काढला तर बुश (बोल्टभोवतीची नळी) झिजून अंड्यासारखा झालेला. ए-आर्मचे (पुढच्या सस्पेन्शनच्या दांड्यांचे) बुश ठीक होते, स्टिअरिंगच्या खांबाचा खालचा बुश मात्र कोरडा ठणठणीत, ग्रीस कधी बघितलं असेल देव जाणे. सगळे सुटे भाग मिळून रनरपेक्षा कमी पैसे लागले हो.

आता अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही स्की नीट रेषेत आणणं. हँडल सरळ धरून बांधायचं, दोन्ही स्कींची टोकं बंजी कॉर्डने आत ओढून ठेवायची म्हणजे उरलासुरला प्ले निघून जातो, मग ट्रॅकला (गाडी ढकलणाऱ्या मागच्या रबरी पट्ट्याला) लावून सरळ पट्टी पुढे काढायची आणि स्कीच्या पुढे-मागे अंतर मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं जास्त हवं, दोन्ही मिळून एक ते दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), पण आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघाच. माझ्या स्की चक्क आत वळलेल्या होत्या. टाय रॉडला एका टोकाला उलटे आटे असतात हे विसरून मी अर्धा तास चेकनटशी कुस्ती खेळलो ते सोडा.

त्यानंतर खरा रनर कळला. फेब्रुवारीत फायरस्टीलचे तिन्ही पूल पार करून आलो, मनगटं दुखली नाहीत.

हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते, असं असेल तर तो आजार वेगळा, तिथे स्कीवर वजन कमी पडतंय. मागच्या सस्पेन्शनचा लिमिटर पट्टा (त्याच्या पुढच्या भागाला जास्त खाली जाऊ न देणारा) एक भोक आवळून बघा. एकच, जास्त आवळलात तर हँडल दगड होतं.

तक्रारी दोनच. डबलने हँडल जरा जड होतं, हळू वळताना तर जाणवतंच. आणि मार्चमध्ये रस्ता ओलांडताना उघड्या डांबरावर कार्बाइड जो काही किंचाळतो, दात शिवशिवतात. गॅरेजच्या काँक्रीटवरही चार समांतर ओरखडे उठलेत, म्हणून आता दारात जुना गालिचा टाकलाय, तो बायकोचा आवडता होता हे नंतर कळलं.