लडलोमधील घरखरेदी: एका इस्टेट एजंटच्या सेवेचा अनुभव

इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील लडलो या बाजारगावात घर शोधताना ज्या इस्टेट एजंटशी आमचा संबंध आला, त्याचे माहितीपत्रक अत्यंत देखणे होते. नॉर्मन किल्ला, त्याच्यासमोरच्या चौकात भरणारा बाजार, १६१९ साली बांधलेल्या ‘फेदर्स’ या ऐतिहासिक इमारतीचा कोरीव लाकडी दर्शनी भाग असे सारे त्यात होते; घराविषयीची माहिती मात्र जेमतेम अर्धे पान होती. गावाचे देखणेपण किमतीत धरले जाते याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ब्रॉड स्ट्रीटच्या उतारावरून एकदा चालत गेले की ते पटते. परंतु घर वारसा यादीत असल्याने खिडकी बदलण्यासाठीसुद्धा कौन्सिलची परवानगी लागेल, ही बाब आम्हालाच विचारून काढावी लागली, आणि तीही खिडकीच्या कुजलेल्या चौकटीत माझे बोट सहज रुतल्यानंतर. (एजंटचे मानधन विक्रेता देतो, हे तेव्हा प्रकर्षाने आठवले.) साडेतीन लाख पौंडांच्या घरावर, दुसरे घर नसल्यास, सध्याच्या दराने साडेसात हजार पौंड स्टॅम्प ड्यूटी पडेल, हा हिशेब त्यांनी अचूक सांगितला, हे नमूद केले पाहिजे.

विक्रेत्याच्या होकारानंतर तीन आठवड्यांनी अधिक बोली आल्याचा फोन आला. इंग्लंडमध्ये करारपत्रांची देवाणघेवाण होईपर्यंत असा होकार बंधनकारक नसल्याने कायद्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. तोवर घराच्या स्थितीच्या सर्वेक्षणाचे पैसे मात्र आमच्या खिशातून गेलेले होते. त्याच फोनवर एजंटने, दुसरे घर दाखवू का, असे अतिशय नम्रपणे विचारले.