निर्वातात दोन फेऱ्या: सहा महिने खेळून पाहिलेले नियम

आमचा अंतराळातला रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ, बेळगावच्या टिळकवाडीत एका मित्राच्या माडीवर रविवारी चालतो. उन्हाळ्यात ‘हेल्मेट फुटलं की पात्र मेलं’ हा जुना नियम काढला आणि खरे आकडे धरून बेतलेले निर्वाताचे नियम लावले. आता दिवाळी होऊन गेली, लिहायला हरकत नाही.

अंतराळातला सूट फाटला की हातात दहा-पंधरा सेकंद. आमची फेरी, म्हणजे सगळ्यांची एकेक खेळी, सहा सेकंदांची, म्हणजे दोन फेऱ्या. मग शुद्ध गेली. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात चाचणी चालू असताना जिम लेब्लांक यांच्या सूटची नळी निसटली, ते चौदाएक सेकंदांत कोसळले. जिभेवरची लाळ उकळतेय, हे शेवटचं आठवलेलं. कक्षात हवा भरली आणि माणूस बरा झाला. कुत्र्यांवरच्या प्रयोगांतही दीड मिनिटाच्या आत दाब परत दिला की बहुतेक जगले, दोन मिनिटांनंतर बरेच दगावले. म्हणून आमच्याकडे पंधरा फेऱ्यांची मुदत, पुढे पात्र जगतं की मरतं यासाठी दर फेरीला फासा.

खरी गंमत इथेच आहे. पूर्वी एकाचं पात्र बाहेर फेकलं गेलं की बाकीचे मोबाइल बघत बसायचे. आता बेशुद्ध पडलेल्याला काहीच करता येत नाही, धावपळ इतरांची. खानापूरचा गडी टेबलावर हात आपटत कानडीत ‘ओंदु, एरडु, मूरु’ मोजतो आणि एअरलॉकवाल्याला, म्हणजे जहाजाचं आत-बाहेर जायचं दुहेरी दार सांभाळणाऱ्याला, घाम फुटतो.

नवा खेळाडू हमखास ‘मी श्वास रोखतो’ म्हणतो. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस दुसरं काय म्हणणार! पण बाहेरचा दाब गेला की आत कोंडलेली हवा फुगते आणि फुफ्फुसं फाडते. श्वास रोखला तर मुदत निम्मी, हा नियम कुणी काढायचा नाही. क्षणात गोठून बर्फ होणं मात्र रद्द: निर्वातात उष्णता न्यायला हवाच नाही, अंग सावकाश गार होतं.

डिकंप्रेशनच्या आजाराचा (दाब उतरला की रक्तात बुडबुडे होतात, त्याचा) तक्ता आम्ही दोन-तीन खेळांतच गुंडाळला. नुसती जमाखर्चाची वही.

एक मोठी उणीव आहे. सगळ्यांची हवा एकदम गेली तर वाचवायला कोण उरतं? १९७१ मध्ये सोयुझ ११ हे सोव्हिएत यान परतताना त्याची झडप उघडली आणि हवा निघून गेली. तिघांच्याही अंगात सूट नव्हते, तिघेही गेले. नियमाप्रमाणे खेळलं तर मोहीम तिथेच आटोपते. त्यामुळे आमच्या जहाजात एकजण कायम सूट घालून असतो, आणि तो कोण यावर निम्मा रविवार जातो.