दिवाळीच्या सुट्टीत लेकरांसाठी घेतलेला 'रंगीत थरांचा' किट, आमचा अनुभव

परभणीत घरी दोन लेकरं, एक 5 वर्षांचं एक 7 चं, दिवाळीच्या सुट्टीत नुसता मोबाईल बघायलेत म्हणून हा किट मागवला. उंच ग्लास, रंग, ड्रॉपर आणि आकाशकंदिलाचे स्टिकर, बास एवढंच, बाकी सगळं घरचंच लागतं. आधी मध, त्यावर भांड्याचं लिक्विड, मग रंगीत पाणी आणि वर करडईचं तेल, ग्लासच्या कडेनं हळूहळू सोडायचं. धाकटीनं पाणी भस्सकन ओतलं तर खालचं लिक्विड सगळं ढवळलं, परत केलं, तेव्हा चमच्याच्या पाठीवरून सोडलं अन् थर असे सुरेख बसले की दोघंबी टाळ्या वाजवायलेत! 100 मिली पाणी 100 ग्रॅम, तेवढंच तेल साधारण 92 ग्रॅम अन् मध जवळपास 140, म्हणून मध तळाला. हे किचनच्या काट्यावर मोजून दाखवलं, लगेच पटलं त्यांना. रंगाचा थेंब तेलातून गोळी होऊन खाली जातो, पाण्यात पोचला की फुटून पसरतो, ते तर लई भारी दिसतंय.

तक्रार एकच, माहितीचा कागद सगळा इंग्रजीत, मराठी पाहिजेच होता. तरी लेकरांसाठी जरूर घ्या.