संदर्भशोध शिकवायचा कधी: फाउंडेशन कोर्समध्ये की पोस्टिंगमध्ये?

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात असाल तर नव्या बॅचचं वेळापत्रक ठरताना हा प्रश्न समोर येतोच. विद्यार्थ्यांना माहिती शोधायला आणि पारखायला शिकवायचं ते सुरुवातीलाच एका सत्रात, की पुढे पोस्टिंगमध्ये, म्हणजे मुलं पाळीपाळीनं विभागांत जातात तेव्हा तिथल्या तासांत थोडं थोडं? कोल्हापुरात मी दोन्ही करून पाहिलंय. पबमेड म्हणजे वैद्यकीय लेख शोधायचं संकेतस्थळ आणि मेश म्हणजे त्यातली ठरावीक विषयशब्दांची यादी, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

2019 पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स लागला. तिथं ग्रंथालयाला तास मिळवणं तुलनेनं सोपं असतं. सगळी बॅच एका हॉलमध्ये असते, हजेरी भरते, कॉलेजच्या तपासणीला दाखवायला नोंद राहते. मुलांना ग्रंथालयातली माणसं ओळखीची होतात, लॉगिन एकदाच वाटून होतं. नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलांनाही सोबत बसवता येतं. मनुष्यबळ कमी असेल तर हे फायदे लहान नाहीत.

तरी एका गोष्टीनं माझा कौल फिरला. हॉलमधला शोध कधी फसत नाही. उदाहरण आपण आदल्या दिवशी निवडलेलं असतं, शब्द तपासलेले असतात, पडद्यावर हवे तेच लेख येतात. मुलं माना डोलावतात आणि जेवायला जातात. शोध फसल्यावर पुढं काय करायचं, खरं तर हे शिकवायचं असतं आणि नेमकं तेच त्या तासात घडत नाही. काही महिन्यांनी तीच मुलं सेमिनारसाठी येतात आणि अख्खं प्रश्नार्थक वाक्य शोधखिडकीत टाकून बसतात. याचा मला फार त्रास व्हायचा.

पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, पोस्टिंगमधला एक तास सांगतो. 2019 च्या महापुरानंतर शिरोळकडच्या गावांचा विषय आमच्याकडे पावसाळ्यात निघतोच. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांना लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, ज्याला 'रॅट फीवर'ही म्हणतात) आधीच डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यावं का, हा प्रश्न मुलांनीच घेतला. एकीनं 'रॅट फीवर' टाइप केलं. पबमेडनं उंदीर वेगळा धरला, ताप वेगळा. आले ते बरेचसे प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचे लेख. ती वैतागली. मी गप्प राहिलो. शेजारच्यानं 'लेप्टोस्पायरोसिस' घातलं, मग मेशमध्ये जाऊन प्रतिबंधाचं उपशीर्षक लावलं, डॉक्सिसायक्लिन जोडलं. यादी आटोपशीर झाली आणि 1984 ची पनामातली चाचणी हाती लागली. अमेरिकी सैनिक, आठवड्याला 200 मिलिग्रॅम. औषध घेणाऱ्यांत एक रुग्ण, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 20. सगळे खूश. तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "सर, ते सैनिक तीनेक आठवडे जंगलात होते. आपल्याकडं माणूस उसाच्या रानात महिनोन्‌महिने चिखलात असतो. हे इथं लागू होतं का?" त्यावर उरलेला तास गेला, पीएसएमच्या मॅडमही वादात उतरल्या. हॉलमधल्या सत्रात असा प्रश्न मला कधी ऐकायला मिळाला नाही.

चॅटबॉटचंही तसंच. तो कधीकधी अस्तित्वातच नसलेले संदर्भ देतो, हे हॉलमध्ये कितीही सांगितलं तरी ती सूचनाच राहते. सेमिनारच्या स्लाइडवरचा पीएमआयडी, म्हणजे पबमेडनं लेखाला दिलेला क्रमांक, स्वतः पबमेडमध्ये टाकल्यावर भलताच लेख उघडला, की मुलगा पुढच्या वेळी न सांगता तपासतो.

आता पोस्टिंगमधल्या तासांची अडचण. सगळं विभागप्रमुखांच्या मर्जीवर चालतं. परीक्षा आली, तपासणी आली की पहिला तास आपला उडतो. छोट्या बॅच म्हणजे तेच पुन्हा पुन्हा सांगायचं आणि तेवढा वेळ काउंटरवर दुसरं कुणी हवं. काही मुलं सुटतातच. ग्रंथालयात एकटेच असाल तर फाउंडेशन कोर्सचा मार्ग धरलात तरी तुम्हाला दोष देणार नाही.

पण दोघंतिघं असाल, तर माझ्या मते फाउंडेशनचा तास फक्त लॉगिन, घरून वापर आणि पूर्ण लेख कुठून मिळतो एवढ्यावर आटोपावा. सरकारी कॉलेजांना 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ची, म्हणजे केंद्राच्या एकाच वर्गणीतून संशोधन नियतकालिकं वाचण्याची, सोय आहे. खासगी कॉलेजात आपापल्या वर्गणीचं काय ते सांगावं. शोधणं आणि पारखणं मात्र पोस्टिंगसाठी राखावं.

सुरुवात पीएसएमपासून करा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस या विद्यार्थ्यांच्या संशोधन-शिष्यवृत्तीसाठी प्रस्ताव लिहिणारी मुलं तिथं सापडतात आणि त्यांना संदर्भांची खरीच गरज असते. मेडिसिन, बालरोग नंतर आपोआप विचारतात. विभागप्रमुखांशी बोलताना एक मागणी मात्र सोडू नका: सेमिनारच्या मूल्यमापनात लेखांच्या यादीबरोबर शोध कसा केला, कोणते शब्द टाकले, काय गाळलं, याचीही नोंद मागवा आणि लॉगबुकमध्ये त्याला सही ठेवा. सही नसेल तर परीक्षेच्या महिन्यात तो तास टिकत नाही.